एकाच मजल्यावरची बिऱ्हाडे इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी कशी पोहोचली?

चाळकरी (धागाकर्ता)

आर्थिक फटका बसल्यावर कोणते कुटुंब सावरते आणि कोणते खचते, याची चर्चा आपल्याकडे बहुधा एखाद्या यशस्वी माणसाच्या आयुष्यावरून होते, आणि मग निष्कर्षही त्या माणसाच्या गुणांपाशी येऊन थांबतो. त्याऐवजी एकाच वेळी, एकाच कारणाने अडचणीत आलेली अनेक घरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली तर काय दिसते, हे मला येथे मांडायचे आहे.

गिरणगावात अशी घरे हजारोंनी होती. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईतील साठच्या आसपास कापड गिरण्यांचे सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतला गेलाच नाही. तो विरत गेला. काहींना कामावर परत घेतले, पुष्कळांना घेतले नाही, आणि ज्यांना घेतले त्यांच्यातील अनेकांच्या गिरण्या पुढल्या वीस वर्षांत बंद पडल्या. संप योग्य होता की अयोग्य, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. कृपया येथे तो वाद नको.

मी लालबागमधल्या एका चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर वाढलो. दहा बाय बाराच्या खोल्या, टोकाला सामाईक मोऱ्या, आणि जवळजवळ प्रत्येक बिऱ्हाडातला एक तरी माणूस गिरणीत. कोणी साचे खात्यात, म्हणजे मागांवर, कोणी त्रासन खात्यात, म्हणजे सूतकताईला, कोणी बदलीवर. संपाच्या आदल्या महिन्यात या घरांमध्ये फरक होता तो फार तर एका साचेवाल्याच्या आणि एका त्रासनवाल्याच्या पगाराइतका. आज त्यांतले एक घर कॅनडात आहे, काही ठाण्या-डोंबिवलीत स्वतःच्या सदनिकांत आहेत, एक नालासोपाऱ्यात अजून भाड्याने राहते, आणि एका घरातला मुलगा पन्नाशीला आला तरी कंत्राटावर साफसफाईच्या कामाला जातो.

याचा उलगडा कष्टांनी होत नाही, कारण कष्टांत कोणी कमी नव्हते. व्यसनांनीही होत नाही. आमच्या मजल्यावरच्या सर्वांत काटकसरी, सुपारीच्या खांडालाही न शिवणाऱ्या गृहस्थांना पत्नीच्या आजारपणात खोली विकून शहराबाहेर जावे लागले. त्यांच्या शेजारचे दुसरे गृहस्थ रोज मटक्याचे आकडे लावत. त्यांनीही खोली विकायला काढली होती, परंतु खोलीचा हक्क जिच्यावर ठरतो ती भाडेपावती त्यांच्या आईच्या नावावर होती आणि म्हातारी काही केल्या सही करीना. त्याच खोलीच्या बदल्यात पुढे पुनर्विकासात तीनशे चौरस फुटांचे घर मिळाले. आता मटकेवाल्यांची सून त्या घराच्या खिडकीत तुळस लावते आणि काटकसरी गृहस्थांचा मुलगा विरारच्या गाडीला लोंबकळतो, यातून गुणांविषयी कोणता धडा घ्यायचा?

खोलीपेक्षाही मला अस्वस्थ करते ती भावंडांच्या क्रमाची गोष्ट. आमच्या मजल्यावरून जी घरे वर गेली, त्या प्रत्येक घरात कोणीतरी शाळा सोडलेली आहे. संप सुरू झाला तेव्हा माझा थोरला भाऊ नववीत होता आणि मी तिसरीत. त्याने वार्षिक परीक्षा दिली नाही. तो मशीद बंदरला एका पेढीवर लागला, आधी गोणी मोजायला आणि मग वसुलीला. मी महाविद्यालयात जाईपर्यंत त्याचा पगार घरात नियमित येऊ लागला होता. नातेवाईक माझ्या जिद्दीचे कौतुक करतात. गणितात तो माझ्याहून हुशार होता, हे त्याच्या वर्गशिक्षिका घरी येऊन आईला सांगून गेल्या होत्या. आपण ज्याला एखाद्याची निवड म्हणतो, ती पुष्कळदा घरातल्या दुसऱ्या कोणाला निवड न मिळाल्यामुळेच त्याच्या वाट्याला आलेली असते, असे माझे मत आहे.

आपापल्या घरांत काय घडले, ते वाचायला आवडेल. गिरणीखेरीज अन्य फटक्यांचे अनुभवही चालतील.

आकडेमोड

विषय महत्त्वाचा आहे, म्हणून थोडे अभ्यासकांच्या बाजूचे. अनिरुद्ध कृष्ण यांनी राजस्थान, गुजरात व आंध्र प्रदेश, तसेच केनिया, युगांडा आणि पेरू येथील हजारो कुटुंबांचा मागोवा घेतला होता. त्यांच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग असा की वर येण्याची कारणे आणि खाली जाण्याची कारणे ही एकमेकांची उलट रूपे नसतात. खाली जाणाऱ्या घरांमध्ये आजारपण आणि औषधोपचाराचा खर्च हे कारण सर्वत्र अग्रभागी होते. वर येणाऱ्यांमध्ये मिळकतीचे दुसरे साधन हाती लागणे हे प्रमुख होते. म्हणजे घसरण थांबवण्याचे उपाय वेगळे आणि चढण सोपी करण्याचे वेगळे.

तुमचे काटकसरी गृहस्थ या चौकटीत नेमके बसतात. गिरणी कामगाराच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी कापली जाई आणि त्यावर कुटुंबाला उपचार मिळत. नोकरी गेली की पगाराबरोबर ते कवचही गेले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी जाणे हा खरा घात होता. परळच्या आसपास राहिलेल्यांना निदान केईएमसारखे पालिकेचे रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर होते. जे गावी परतले त्यांना तेही नव्हते.

चढणीविषयी एकच आकडा देतो. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ साली केलेल्या अंदाजानुसार भारतातील सर्वांत खालच्या उत्पन्नगटातील घराला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोहोचायला सात पिढ्या लागाव्यात. डेन्मार्कमध्ये दोन पुरतात. हा अंदाज गणिती स्वरूपाचा आहे, भविष्यवाणी नव्हे. तरीही एका पिढीत चाळीतून कॅनडात जाणारे घर हा अपवाद आहे, एवढे त्यावरून लक्षात ठेवावे.

रोखठोक

चाळकरी, लेख चांगला आहे, परंतु त्याचा रोख मला मान्य नाही. सगळेच खोलीवर, क्रमावर आणि योगायोगावर ढकलले की माणसाने केलेल्या गोष्टींना जागाच उरत नाही.

माझे वडील डिलाईल रोडच्या एका गिरणीत बारा वर्षे कायम कामगार होते. संप सुरू झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी मनाशी ठरवले की हे काही मिटणारे नाही. चाळीतले इतर पुरुष 'आज तोडगा निघेल, उद्या निघेल' म्हणत जिन्यावर पत्ते कुटत बसले होते, तेव्हा वडिलांनी वडापावची गाडी लावली. साचे चालवणाऱ्या माणसाने रस्त्यावर बेसन कालवायचे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. नात्यातल्या दोघांनी तर तोंडावर हिणवले. पहाटे चारला उठून बटाटे उकडायचे, दुपारी थोडी पाठ टेकायची आणि रात्री दहापर्यंत उभे राहायचे, असे त्यांनी वीस वर्षे केले. कर्ज कधी काढले नाही. आम्ही तिघेही भावंडे पदवीधर झालो आणि कोणालाच शाळा सोडावी लागली नाही. तुमच्या सिद्धान्तात माझ्या वडिलांचे घर कोठे बसते?

चाळकरी

रोखठोक, तुमच्या वडिलांविषयी पूर्ण आदर ठेवून दोन प्रश्न विचारतो. गाडी लावायला जागा कशी मिळाली, आणि पहिले भांडवल कोठून आले? हे खोचकपणे विचारत नाही. आमच्या वडिलांनीही भाजीची पाटी घेऊन बसायचा प्रयत्न केला होता. प्रत्येक कोपऱ्यावर आधीच कोणी ना कोणी होते आणि पालिकेच्या गाडीने तीनदा माल उचलून नेला.

रोखठोक

जागा मामाच्या पानपट्टीला लागून होती. मामा तेथे आधीपासून असल्याने कोणी हटकले नाही. भांडवल म्हणाल तर आईच्या बांगड्या मोडल्या. हे मी आधी लिहिले नाही, कारण ते मला फार मोठे वाटत नव्हते. आता वाटते आहे. परंतु एक सांगतो, त्याच मामाच्या ओळखीने आणखी दोघांना शेजारी जागा मिळाली होती आणि ते दोघेही वर्षभरात कंटाळून निघून गेले. पहाटे चारला मामा उठत नव्हते.

आकडेमोड

मामा आणि पहाटेचे चार, दोन्ही लागले. त्यांतले एक नसते तर गाडी उभी राहिली नसती आणि दुसरे नसते तर टिकली नसती.

अन्नाची वही

या सगळ्या चर्चेत कमावणारा म्हणजे पुरुष असेच गृहीत धरले आहे, म्हणून लिहिते आहे.

माझी आई खाणावळ चालवीत असे. गिरणगावात हजारो कामगार बायकामुले गावी ठेवून, गावकीच्या खोलीत ट्रंक आणि वळकटी एवढ्या संसारावर राहत; ते जेवायला आमच्यासारख्या घरी येत. महिन्याचे पैसे पगाराच्या दिवशी. आईला दुकानदार उधारीवर धान्य देई, त्यावर व्याज लावी, आणि तिच्या हाती उरत असे ते तिच्या श्रमांच्या मानाने अगदीच थोडके. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले आणि अशा बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. तारण नाही, नवऱ्याची सही नाही. बायकांनी एकमेकींची हमी द्यायची. आईला दुसऱ्या की तिसऱ्या तुकडीत कर्ज मिळाले. तिने दुकानदाराची बाकी एकरकमी फेडली आणि त्या दिवसापासून रोखीने धान्य भरू लागली. नशीब पालटले म्हणतात ते आमच्याकडे अशा कंटाळवाण्या रीतीने पालटले.

मग संप झाला. आईची वही माझ्याजवळ आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, प्रत्येक पानाला एक माणूस. जानेवारी १९८२ पर्यंत दर महिन्याच्या ओळीपुढे 'पोचले' असे लिहिलेले आहे. फेब्रुवारीपासून तो शब्द बंद होतो आणि 'बाकी' सुरू होते. मार्चमध्ये रविवारच्या मटणाचा हिशेब नाहीसा झाला, मे महिन्यात चपातीच्या जागी भात आला, आणि जूनपासून काही पानांवर आडवी रेघ मारून 'गावी गेले' एवढेच लिहिले आहे. आई कोणाच्या मागे लागली नाही. पाटण, खटाव, देवगड, संगमेश्वर अशी तालुक्यांची नावे तिने पानांच्या कोपऱ्यात टिपून ठेवली होती, बस्स. पुढे चार-पाच वर्षांनी काहींच्या मनिऑर्डरी आल्या. ज्यांच्या आल्या, त्यांच्या पानावर तिने 'पोचले' लिहून खाली तारीख घातली. अर्ध्याहून अधिक पानांवर ती तारीख नाही.

खाणावळ बुडाली, परंतु आम्ही बुडालो नाही. मंडळाच्या ओळखीतून आईला कार्यालयांना डबे पुरवण्याचे काम मिळाले. माणसे गेली, तरी तिची पत शिल्लक होती. कर्ज वेळेवर फेडणारी बाई म्हणून बँकेत तिचे नाव होते, वडिलांचे नव्हते. चाळकरी, तुम्ही खोली मोजलीत आणि भाऊ मोजलात. आमच्या मजल्यावर सावरलेली घरे मोजायची झाली तर मी आधी पाहीन, की संपाच्या आदल्या दिवशी त्या घरातल्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे होते की नव्हते.

निळाई

'संपाच्या आदल्या महिन्यात घरांमध्ये फारसा फरक नव्हता' या विधानाला माझी हरकत आहे.

साचे खाते हे अधिक पगाराचे खाते होते आणि आमच्या आजोबांच्या पिढीला तेथे पाऊल टाकता येत नव्हते. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातली कांडी बदलताना सुताचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेले सूत इतरांना चालत नसे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न १९२८-२९ च्या संपांच्या काळात जाहीरपणे उपस्थित केला होता. आजोबा आयुष्यभर त्रासन खात्यात राहिले. तुम्ही ज्याला 'एका साचेवाल्याच्या आणि एका त्रासनवाल्याच्या पगाराइतका' फरक म्हणता, तो आमच्याकडे आधीच्या दोन पिढ्या साचत आलेला होता.

आता उलट बाजू. गिरणीतली वरची वाट बंद असल्यामुळे आमच्या घरात गिरणीवर भरवसा कमी होता. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करणाऱ्यांना सकाळी शिकता येई. वडील तेथून पदवी घेऊन राखीव जागेवर शासकीय कार्यालयात लिपिक झाले. १९८२ साली आमच्या घरात पगार येत होता आणि साचे खात्यातल्या, आमच्याहून बऱ्या स्थितीतल्या शेजाऱ्यांच्या घरी येत नव्हता. याला कोणी नशीब म्हणू नये. त्यामागे एक चळवळ होती, राज्यघटनेतली तरतूद होती आणि रात्री दिव्याखाली बसलेला एक माणूस होता. पण सख्खे काका बदली कामगार होते. रोज पाळीच्या वेळी फाटकाशी उभे राहायचे, आत घेतले तर पगार, नाही तर परत. त्यांच्या घरापर्यंत ती तरतूद पोहोचलीच नाही, कारण ते सातवीनंतर शिकले नव्हते.

आकडेमोड यांना पुरवणी म्हणून: आशर, नोवोसाद आणि रॅफकिन या अभ्यासकांनी वडील व मुलगे यांच्या शिक्षणाची तुलना करून असे दाखवले आहे की उदारीकरणानंतरही भारतात खालून वर येण्याचे एकंदर प्रमाण फारसे बदललेले नाही, मात्र अनुसूचित जातींच्या बाबतीत ते सुधारले आणि मुसलमानांच्या बाबतीत घसरले. सरासरी स्थिर दिसते तिच्या आत एवढी उलथापालथ आहे. गिरणगावात मदनपुऱ्याकडचे मुसलमान विणकरही होते. त्यांच्यापैकी कोणी येथे लिहीत असल्यास अवश्य लिहावे.

हिमवाट

धाग्यातले 'कॅनडातले घर' बहुधा आमचेच असावे, किंवा आमच्यासारखे दुसरे. चाळकरी, तुम्ही मला ओळखले असेल तर येथे नाव घेऊ नका.

मला सांगायचे आहे ते जन्मवर्षाविषयी. माटुंग्याच्या व्हीजेटीआयमधून आमच्या कुटुंबातले दोघे शिकून बाहेर पडले, मी आणि माझा आतेभाऊ. ती संस्था १८८७ साली निघाली तीच मुळी गिरण्यांना तंत्रज्ञ पुरवण्यासाठी. आतेभावाने वस्त्रोद्योगातली पदविका घेतली. १९७९ साली त्याने तो विषय निवडला तेव्हा सगळ्या चाळीने त्याची पाठ थोपटली होती, कारण गिरणगावातल्या हुशार मुलासाठी त्याहून शहाणपणाची निवड नव्हती. तो हातात पदविका घेऊन बाहेर पडला त्याच वर्षी संप झाला. मी पुष्कळ नंतर, गुणांच्या यादीत खाली असल्यामुळे मिळेल त्या शाखेत गेलो आणि १९९६ साली बाहेर पडलो. तेव्हा संगणकाची जुजबी ओळख असलेल्या कोणालाही कंपन्या घेत होत्या, आणि २००० साल उजाडताना संगणकांतल्या तारखा चुकतील या भीतीपायी परदेशात माणसांची टंचाई होती. आतेभाऊ माझ्याहून अभ्यासू होता. संस्था तीच, शुल्क तसेच परवडणारे, घर त्याच गल्लीतले. तो पुढे भिवंडीत एका यंत्रमागाच्या कारखान्यात देखरेखीला लागला आणि तेथेच निवृत्त झाला.

रोखठोक म्हणतात तसा विचारपूर्वक निर्णय त्यानेच घेतला होता. मी घेतलाच नव्हता.

कोयनाकाठ

'गावी गेले' या आडव्या रेघेच्या पलीकडून लिहितो आहे.

आमचे वडील पाटण तालुक्यातले. आई आणि आम्ही मुले गावीच होतो, त्यामुळे संप आमच्याकडे आला तो पोस्टमन यायचा थांबला तेव्हा. वडील पावसाळ्याच्या तोंडावर परतले. मुंबईकर म्हणून वीस वर्षे ज्यांचा मान राखला गेला, त्यांना चुलत्यांच्या शेतात मजुरासारखे राबावे लागले, कारण वाटणीला आलेली जमीन डोंगर-उताराची आणि ती कसायची सवय मोडलेली. त्यांनी फंडाचे पैसे काढून म्हैस घेतली. ती म्हैस कायद्याच्या कागदावर कोठेही नसलेली आमची विमा पॉलिसी होती.

आमच्या घरात शिकली ती थोरली बहीण, आणि याचे कारण चाळकरींच्या नियमाच्या अगदी उलट आहे. मी मुलगा, म्हणून मला लवकर कमाईला लावले. पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतीत सोळाव्या वर्षी. तिचे लग्न पैशांअभावी लांबले आणि लांबलेल्या वर्षांत तिने दहावी, बारावी आणि मग डी.एड. केले. जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. आज आमच्या सगळ्या भावकीत निवृत्तिवेतन असलेली ती एकटीच आहे. हुंडा देता आला असता तर ती शिकली नसती. हे लिहिताना बरे वाटत नाही, पण आहे हे असे आहे.

आणखी एक. या धाग्यावर लिहिणारे जवळजवळ सगळे सावरलेल्या घरांतले आहेत. जी घरे सावरली नाहीत त्यांची बाजू मांडायला येथे कोणी येणार नाही, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

तिसरी पाळी

नशिबाविषयी एवढे लिहून झाले आणि गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीचा विषय कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटते.

पार्श्वभूमी माहीत नसलेल्यांसाठी: गिरण्यांच्या ताब्यात मुंबईत सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमानुसार, जमीन विकायची तर एक तृतीयांश वाटा पालिकेला मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यायचा होता. २००१ साली त्या नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. जिच्यावर कारखान्याचे बांधकाम उभे होते ती हिशेबातून वगळली गेली. उच्च न्यायालयाने २००५ साली निकाल या बदलाच्या विरोधात दिला, सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो फिरवला. कामगारांच्या घरांसाठी जे तुकडे उरले, त्यांवर बांधलेल्या घरांच्या सोडती निघाल्या. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेला कामगार किंवा त्याचा वारस पात्र. अर्ज आले दीड लाखाच्या घरात. २०१२ च्या सोडतीत घरे होती ६,९२५, दर साडेसात लाख. २०१६ साली पनवेलजवळच्या कोन येथे २,४१७. मार्च २०२० मध्ये ३,८९४. एका नियमातल्या दोन-चार शब्दांनी किती कामगारांचे नशीब आधीच ठरवून टाकले होते, ते या आकड्यांवरून पाहावे. सोडत ही शेवटची पायरी झाली.

त्या पायरीवरही कागद लागतो. आमच्या वडिलांचे विम्याचे कार्ड आणि फंडाची चिठ्ठी आईने शिधापत्रिकेच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली होती, म्हणून अर्ज मान्य झाला. समोरच्या घरातले कागद छत गळून भिजले. त्यांची गिरणी अवसायनात, म्हणजे कायमची मोडीत निघालेली. हजेरीपत्रक मागायला जायचे कोणाकडे?

आमचा क्रमांक लागला. वडील तोवर गेले होते. आणि मग सुरू झाले ते या धाग्याच्या विषयाशी थेट संबंधित आहे. घर एक, वारस चार. पैसे भरायची ऐपत धाकट्याची, म्हणजे माझी, कारण मी शिकलो. मला शिकवले थोरल्याने. बहिणींनी हक्क सोडून द्यावा असे सगळ्यांनी गृहीत धरले, त्यांना विचारलेही नाही. थोरला म्हणाला की वडिलांच्या नोकरीचे घर वडिलांच्या जागी राबलेल्याला मिळावे. वहिनी म्हणाली, पैसे ज्याचे त्याचे घर. दोघांचेही बरोबर होते. आम्ही दोन वर्षे एकमेकांकडे गणपतीला गेलो नाही.

अन्नाची वही

तिसरी पाळी, बहिणींचे पुढे काय झाले, ते लिहाल का? आणि चाळकरी, तुमच्या थोरल्या भावाविषयी तुम्ही नववीपर्यंतच सांगितलेत.

तिसरी पाळी

घर थोरल्याच्या नावावर झाले. पैसे मी भरले, त्यातले निम्मे तो हप्त्यांनी देतो आहे. बहिणींनी सही केली. त्यांतली एक सही करून आल्यावर म्हणाली की मला हिस्सा नको होता, पण विचारले असते तर बरे वाटले असते. तेव्हापासून दर रक्षाबंधनाला मी दोघींच्या खात्यात काही रक्कम टाकतो. ती रक्कम हिशेबाने काढलेली नाही आणि काढता येणारही नाही.

रोखठोक

माझ्या आधीच्या लिहिण्यात एक भर घालतो. आईच्या बांगड्या पुन्हा झाल्या नाहीत. आम्ही तिघे कमावते झाल्यावर वडिलांनी गाडी बंद केली तेव्हा आम्ही त्यांचा सत्कार केला, शाल-श्रीफळ वगैरे. आईला कोणी काही दिले नाही. बाकी माझे मत कायम आहे. हातात आलेल्या संधीचे काय करायचे, हे माणूसच ठरवतो आणि त्याचे श्रेय त्याला द्यावे लागते.

चाळकरी

निळाई यांची हरकत रास्त आहे आणि कोयनाकाठ यांनी माझ्या क्रमाच्या नियमाला दिलेला छेदही. क्रम हे एक रूप झाले. मूळ गोष्ट अशी की फटका बसल्यावर घर एकत्र बसून, बहुधा न बोलता, कोणाचे थांबवायचे आणि कोणाचे चालू ठेवायचे ते ठरवते. कोठे थोरल्याचे थांबते, कोठे मुलाचे, आणि फार वेळा काहीही न विचारता बाईचे. रोखठोक, श्रेय द्यावे लागते याच्याशी मी सहमत आहे. माझी तक्रार एवढीच की आपण ते एकाच नावावर टाकून मोकळे होतो.

भावाविषयी विचारलेत, म्हणून सांगतो. पेढी बंद पडल्यावर तो एका मालवाहतूकदाराकडे हिशेबाला लागला आणि अजून तेच करतो. तो बदलापूरला राहतो. त्याला दोन मुली. थोरली सनदी लेखापालाची अंतिम परीक्षा देते आहे आणि तिच्या शुल्काचा प्रश्न मी कधी येऊ दिलेला नाही. ही परतफेड आहे असे मी एकदा बोलून गेलो, तेव्हा त्याने मला जवळजवळ घराबाहेर काढले. त्याच्या मते त्याने काही दिलेच नव्हते, त्यामुळे परत घेण्याचाही प्रश्न नाही. घरात पैसे नव्हते, तो मोठा होता, तो गेला.

आता आमच्या चाळीचाही पुनर्विकास व्हायचा आहे. वडिलांच्या पश्चात भाडेपावती माझ्या नावावर झाली, कारण तेव्हा खोलीत मीच राहत होतो. विकासकाचा करारनामा आला आहे. भाडेकरू म्हणून कायद्याने हक्क माझा, आणि भाऊ सहीच्या वेळी यायलाही तयार नाही. मी वकिलांना विचारले आहे की करारातच त्याचे नाव सहभाडेकरू म्हणून घालता येते का, की ताबा मिळाल्यावर बक्षीसपत्र करावे लागेल आणि मुद्रांक शुल्क कोणत्या दराने पडेल. यातून कोणी गेले असल्यास कृपया येथेच कळवावे. करारावर सह्या पुढल्या महिन्यात आहेत.